हिंटरकायफेक : चोर असा गुरांना चारा घालतो होय?

वर कोणीतरी लिहिलंय की जर्मनीत बव्हेरियातल्या हिंटरकायफेक या शेतघरातले खून एखाद्या भुरट्या चोराने केले असणार, तर मला ते अजिबात पटत नाही. ३१ मार्च १९२२ च्या रात्री त्या शेतघरात सहा जण मारले गेले, म्हातारा-म्हातारी, विधवा लेक, सात वर्षांची नात, दोन वर्षांचा पोरगा आणि मोलकरीण, आणि त्या बिचारीचा कामावरचा तो पहिलाच दिवस! घरात सोन्याची नाणी तशीच पडून होती मग चोराने नेलं काय?

मुख्य म्हणजे खुनानंतरही गुरांना चारापाणी होत होतं, धुराड्यातून धूर दिसत होता. म्हणजे माणूस पळालाच नाही, तिथेच राहून खातपीत होता. ४ एप्रिलला एक मेकॅनिक येऊन साडेचार तास इंजिन दुरुस्त करून गेला, त्याला कोणी भेटलंच नाही आणि शेजारच्या कोठारात गवताखाली चार प्रेतं, विचार करूनच अंगावर काटा येतो. त्याच दिवशी नंतर शेजाऱ्यांना ती सापडली.

खुनाच्या थोडे दिवस आधी म्हाताऱ्याने बर्फात घराकडे येणारी पावलं बघितली होती, परत जाणारी नाहीत. शेजाऱ्यांना सांगितलं पण पोलिसांकडे काही गेला नाही, आता ह्याला काय म्हणायचं! हत्यार, म्हणजे घरचीच कुदळ, सापडली ती १९२३ ला घर पाडताना माळ्यावर. मला तरी वाटतं ओळखीतलाच कोणीतरी, गोठ्याची सवय असलेला.