मदत हवी आहे: फुकट डीव्हीडीच्या मागण्या आवरेनात, नोंद कशी ठेवावी?

मंडळी, नाशिकहून लिहितेय, इंदिरानगर. आम्ही चौघं मिळून कॉपीराइट संपलेली मराठी पुस्तकं (लेखक जाऊन 60 वर्षं उलटलेली) डीव्हीडीवर भरून मागेल त्याला पोस्टाने फुकट पाठवतो. कल्पना आमची नाही, प्रोजेक्ट गुटेनबर्गचे (कॉपीराइट संपलेली पुस्तकं इंटरनेटवर फुकट देणारा प्रकल्प) स्वयंसेवक इंग्रजी पुस्तकांच्या डिस्क अशाच पाठवायचे, त्यांच्या 2003 च्या सीडीत साधारण 600 पुस्तकं होती आणि 2006 च्या डीव्हीडीत 17 हजार. आमची आपली 340, हसू नका.

महिन्याला दहाबारा मागण्या यायच्या तोवर वहीत भागत होतं. दिवाळीत कुणीतरी "मोफत मराठी पुस्तके, त्वरा करा" म्हणून आमच्या फॉर्मची लिंक व्हॉट्सअॅपवर सोडली आणि चार दिवसांत 600 च्या वर नोंदी!! डिस्क लिहायचे रायटर (ड्राइव्ह) दोनच, त्यातला एक मधेच डिस्क थुंकतो, आणि एक डिस्क लिहून तपासून होईस्तोवर पंधरा मिनिटं जातात.

शीट बघून डोकं फिरतं. एकच माणूस एकदा मराठीत एकदा इंग्रजीत, वर बायकोच्या नावाने तिसऱ्यांदा. पत्ता काय तर "मारुती मंदिराजवळ", गाव नाही पिन नाही. एकाने वाटायला म्हणून 25 नेल्या आणि त्या रविवार कारंज्याजवळ तीस रुपयाला विकताना मीच बघितल्या, आमच्याच हातचं लेबल.

आणि खरी गरज असलेले फॉर्म भरतच नाहीत. परवा सुरगाणा तालुक्यातल्या एका गुरुजींचं पोस्टकार्ड आलं, शाळेत रेंज नाही, कॉम्प्युटर एकच, त्याचा ट्रे टाचणी खुपसून उघडावा लागतो, पण चालतो, जमल्यास एक प्रत पाठवावी. आता ह्यांना 614 वा नंबर देऊ का?

तर डुप्लिकेट कसे काढायचे, आणि रांग कशी लावायची? पेनड्राइव्ह द्या म्हणू नका, दिले होते, लग्नाचे फोटो भरले गेले.

गोदाकाठ: ताई, नावावर शोधू नका, मोबाइल नंबरवर शोधा. +91, सुरुवातीचा शून्य, मधल्या जागा काढा, शेवटचे दहा आकडे वेगळ्या रकान्यात घ्या आणि काउंटइफ लावा, म्हणजे एकच नंबर किती वेळा आलाय ते मोजणारं शीटमधलं सूत्र. देवनागरी आकडे आधी बदलून घ्या नाहीतर ते निसटतात. पिनचा रकाना सहा आकडी सक्तीचा करा, अर्धी गर्दी तिथेच गळेल.

जुनाखोका: उबुंटूवाले (विंडोजसारखी, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) फुकट सीडी घरपोच पाठवायचे, त्यांनीसुद्धा 2011 ला बंद केलं आणि त्यांच्यामागे तर कंपनी होती. एका पत्त्याला एकच प्रत, बाकी "कॉपी करून वाटा" असं डिस्कवरच छापा. 25 वाल्याला मात्र हात जोडा.

निफाडकर मास्तर: शाळांच्या मागण्या एकेक कशाला पाठवता? पिनप्रमाणे लावा, आपल्या जिल्ह्याचे 422 नाहीतर 423 ने सुरू होतात, मग एका केंद्रातल्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या शाळांचा एकच गठ्ठा केंद्रप्रमुखांकडे द्या, शिक्षण परिषदेला सगळे शिक्षक येतातच, तिथे हातोहात जातील. पंधरा पाकिटांचा खर्च वाचला. फुटतात का हो वाटेत?

धागाकर्ती: फुटायच्या मास्तर, शिक्का बसला की चीर. आता द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा कापून दोन्ही बाजूंनी लावतो, एकाच्या नळ्या उभ्या दुसऱ्याच्या आडव्या, मग वाकत नाही. फक्त पातळ पुठ्ठा घ्यायचा, नाहीतर पाकीट 50 ग्रॅमच्या वर जातं आणि स्पीड पोस्टाचा दर एक पायरी चढतो. रजिस्टर्ड तर 2025 च्या सप्टेंबरात स्पीड पोस्टातच विलीन झालं, तोही आधार गेला.

काउंटइफ लावलं, 614 चे 391 झाले!! केंद्रप्रमुखांचं एकदम पटलं, शाळांची रांग वेगळी करते, त्यात पोस्टकार्डं वरती. सुरगाण्याची डिस्क आत्ता मागे लिहिली जातेय, 62 टक्के.

कोणाकडे चालू रायटर पडून असेल तर कळवा, सिडको सातपूर नाशिकरोड कुठेही असो, येऊन घेऊन जाईन.