प्रार्थना कोरडी पडली आहे, देव लांब गेला का?

कोरडवाहू_जालना:
सर्वांना सलाम. मी जालन्याची, शाळेत शिकवते. मंडळीत लहानपणापासून आहे, पण एकटीनं शांत बसून प्रार्थना करायला लागले ते अलीकडे. घर उठायच्या आधी शुभवर्तमानातला एक उतारा हळूहळू वाचायचा आणि मग गप्प बसायचं. सुरुवातीला डोळे भरून यायचे, ख्रिस्त शेजारी बसलाय असं वाटायचं. आता काहीच होत नाही. मन लागत नाही आणि उठवतही नाही. त्यात सासूबाईंना अर्धांगवायू झाला, पहाट त्यांचं अंथरूण बदलण्यातच जाते. महिला मंडळात एक जण म्हणाल्या, पाप लपलेलं असेल. देवाशी एकरूप होण्याची वाट असते असं वाचलं होतं. मी त्या वाटेवरून घसरले का?

पहाटतारा:
ताई, उपास-प्रार्थना चालू ठेवा. स्तोत्र ४२ रोज वाचा. प्रभू बघतोय.

छावणीतले_काका:
ताई, स्तोत्र ४२ जरूर वाचा. पण पापाचं जे तुम्हाला सांगितलं ते वाचून मला वाईट वाटलं. दुखणाऱ्या माणसाच्या माथी असा आरोप मारू नये.

क्रुसाचा संत योहान (१५४२–१५९१) हा स्पेनमधला मठवासी नेमकं याच कोरडेपणावर लिहून गेलाय. हा माणूस पुस्तकी नव्हे. त्याच्याच संघातल्या लोकांनी डिसेंबर १५७७ मध्ये त्याला तोलेदोत एका अंधाऱ्या खोलीत कोंडलं, पुढच्या ऑगस्टात तो निसटला. त्या कोठडीत त्यानं कविता रचल्या. कोरडेपणा देवाकडून आहे की आपल्या ढिलाईतून, हे ओळखायला तो तीन खुणा देतो. देवाच्या गोष्टींत गोडी उरली नाही, पण जगातल्या दुसऱ्या कशातही उरली नाही. आपण मागे पडतोय, देवाची सेवा होत नाही, ही काळजी मनाला सतत टोचते. आणि पूर्वीसारखं चित्र डोळ्यांपुढे आणून चिंतन करायला गेलं तर जमतच नाही. ढिल्या माणसाला दुसरी खूण नसते, त्याला काळजीच वाटत नाही. तुम्ही तर काळजीनं इथवर लिहायला आलात!

मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांनाही दाखवा. आजारी माणसाचं करताना शरीर आणि मन दोन्ही थकतात, आणि ती थकावट वेगळी ओळखली पाहिजे.

आता अविलाची तेरेसा, योहानाच्याच काळातली स्पेनमधली मठवासी संत. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला ती चटकन कळते, कारण ती पाण्याची भाषा बोलते. प्रार्थनेची बाग शिंपायच्या चार तऱ्हा ती सांगते: विहिरीतून पोहऱ्यानं शेंदणं, रहाटगाडगं, ओढ्याचं पाणी, आणि शेवटी पाऊस, ज्यात माळ्याचे कष्टच नाहीत. विहीर आटली तरी माळ्यानं यायचं सोडू नये, फुलं देव पाण्याविना जगवील, असं ती म्हणते. तिनं हे ऐकीव लिहिलं नाही. प्रार्थनेचा तास कधी संपतो म्हणून घड्याळाच्या ठोक्याकडे कान लावून बसायचे, तेही कित्येक वर्षं, असं तिनंच लिहून ठेवलंय.

तुमच्या सासूबाईंचं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच. तेरेसाच्या १५७७ सालच्या पुस्तकात आत्मा म्हणजे सात दालनांचा किल्ला आहे. पाचव्या दालनात मीलनाचा विषय येतो तेव्हा ती भगिनींना बजावते: आजारी बहिणीला आराम देता येत असेल तर तुमची भक्तीची गोडी गेली तर जाऊ द्या, तिच्याकडे जा. देवाच्या इच्छेशी खरं मीलन ते हेच. तुम्ही पहाटे अंथरूण बदलता तेव्हा वाट सोडलेली नसते, ताई.

गंगाखेडचा_माळकरी:
काका, आमच्या गावची जनाबाई दळताकांडताच विठोबाला गाते, त्यामुळे हे आपलंच वाटायलंय. एक शंका आहे. मीलन म्हणजे जीव देवात विरून जातो का? अद्वैतासारखं?

छावणीतले_काका:
माऊली, इथं वाट जरा वेगळी होते आणि ते लपवू नये. योहानाच्या मते दोन इच्छा प्रेमानं एक होतात, देवाला न रुचणारं काही जिवात उरत नाही. तरी जीव हा निर्मिलेलाच राहतो, स्वरूपानं देव होत नाही. बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौलही गलतीकरांना लिहितो की आता मी जगत नाही, ख्रिस्त माझ्यात जगतो. तरी ते लिहिणारा पौलच आहे. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं म्हणत. तो पूल दोन्ही काठ धरून उभा आहे.

कोरडवाहू_जालना:
काका, वाचून रडू आलं. तिसरी खूण अगदी तंतोतंत आहे. मग चिंतन बंद करू का?

छावणीतले_काका:
जमतं त्या दिवशी करा. जमत नाही त्या दिवशी ओढून-ताणून करू नका, एखादं वचन वाचा आणि देवाकडे प्रेमानं लक्ष ठेवून गप्प बसा. अशा काळात योहानाचा सल्ला हाच आहे. पहाट मिळाली नाही तर सासूबाईंना दुपारी डोळा लागतो तेव्हा बसा. आणि एखादा समजूतदार पाळक किंवा फादर शोधून त्यांच्याशी महिन्या-दोन महिन्यांनी बोलत जा. तेरेसासुद्धा या बाबतीत शिकलेल्या सल्लागारांचा आग्रह धरायची.