घरची भाषा एक, पुस्तकाची दुसरी : मुलांच्या रोजच्या वाचनाचे अनुभव

कोकण किनाऱ्यावरील अनेक घरांत मुले एक भाषा बोलतात आणि दुसरीत शिकतात. अशा मुलांना न अडखळता, अर्थासह वाचता यावे म्हणून आपण रोज काय करता, ते येथे लिहावे, अशी विनंती आहे. ‘रोज वाचून घ्या’ एवढ्या सल्ल्याने पालकांचे भागत नाही. मूल नेमके कुठे अडले आणि तेव्हा आपण काय केलेत, हे समजले तर त्याचा इतरांना उपयोग होईल.

मालवण, आई
आमच्या घरी मालवणी बोलतात आणि तिसरीतल्या मुलीची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. रात्रीची जेवणे आटोपली की आम्ही मराठी वाचतो. उतारा आठ-दहा ओळींचाच घेतो आणि तोच तीन-चार दिवस ठेवतो. आधी मी वाचते, मग दोघी एकत्र वाचतो आणि शेवटी ती एकटी वाचते. पहिल्या दिवशी तिचे सारे लक्ष अक्षरे जुळवण्यात जाते, पण तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला की ती स्वल्पविरामाशी थांबू लागते, प्रश्नचिन्हाशी आवाज चढवते, आणि गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचल्याचे मला त्यावरून कळते.

एकदा ‘कुठे चालला आहेस?’ हे वाक्य तिने ‘खंय चललंस?’ असे वाचले. मी मध्येच टोकले नाही, कारण अर्थ तिला अचूक लागला होता. वाक्य संपल्यावर छापलेल्या शब्दांखाली बोट धरून आम्ही ते पुन्हा वाचले. बोलीमुळे वाचन बिघडते, हे मला मान्य नाही. अनोळखी वाक्याचा अर्थ ती घरच्या शब्दांच्या आधारानेच लावते.

देवगड, प्राथमिक शिक्षक
आमच्याकडे हापूसच्या बागांची राखण करणारी बरीच कुटुंबे नेपाळहून आलेली आहेत. नेपाळीही देवनागरीत लिहितात, त्यामुळे गावी थोडेफार शिकून आलेल्या मुलांना अक्षरओळख असते, परंतु ‘ळ’ त्यांना नवा असतो. मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत, ‘चार’मधला वेगळा आणि ‘चमचा’मधला वेगळा, नेपाळी मुलांच्या तोंडी बहुधा ‘चमचा’मधलाच येतो. असे उच्चार मी वाचन चालू असताना सुधारत नाही, ते नंतर स्वतंत्रपणे घेतो, कारण शब्दाशब्दाला थांबवलेले मूल मोठ्याने वाचायलाच कचरते.

‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर एकच गोष्ट अनेक भाषांत विनामूल्य मिळते. एका विद्यार्थ्याचे वडील संध्याकाळी मोबाइलवर नेपाळी गोष्ट वाचून दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी तो तीच गोष्ट वर्गात मराठीत वाचतो. कथानक आधीच माहीत असल्याने त्याचे वाचन फार लवकर सफाईदार झाले.

दापोली, आजी
नात मुंबईला असल्यामुळे आम्ही व्हिडिओ कॉलवर वाचतो. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे अंक दोन्हीकडे असतात. एक परिच्छेद ती वाचते, एक मी. जोडाक्षराशी ती थबकली तर थोडे थांबून मी तो शब्द सांगते, म्हणजे वाक्याचा धागा तुटत नाही.

रत्नागिरी, वडील
माझा मुलगा उर्दू माध्यमात चौथीत आहे. छापील उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा देत नाहीत. वाचणारा त्या संदर्भावरून भरून घेतो. त्याच सवयीने तो मराठीतल्या वेलांट्या आणि उकार गाळून पहिल्या अक्षरांवरून शब्दाचा अंदाज बांधत असे. म्हणून आम्ही सकाळी उर्दू आणि संध्याकाळी मराठी अशा वेळाच वेगळ्या केल्या. मराठी वाचण्यापूर्वी त्या दिवसाच्या उताऱ्यातले पाच-सहा शब्द तो पाटीवर लिहितो, त्यांतल्या वेलांट्या-उकारांवर रंगीत खडू फिरवतो आणि मगच पुस्तक उघडतो. अंदाजाने वाचणे आता बरेच कमी झाले आहे, परंतु ‘सूर्य’मधला रफार आणि ‘चक्र’मधला ‘र’ यांत तो अजूनही गोंधळतो. देवगडच्या सरांनी त्यासाठी वर्गात काय करून घेतात, ते कृपया लिहावे.