मारबतीचा व्हिडिओ 'हिंसेला चिथावणी' म्हणून उडवला, दाद कुठे मागायची?

इतवारीचा_पोट्टा
तान्ह्या पोळ्याला आपल्या नागपुरात मारबतीची, म्हणजे ईडा-पीडेच्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते आणि शेवटी तो जाळतात, तिचा व्हिडिओ एका मोठ्या ॲपवर टाकला होता. त्यात एक बडग्या (टोमणा मारायला बनवलेला पुरुषाचा पुतळा) होता, गळ्यात पाटी, पाटीवर खड्ड्यांवरून पुढाऱ्यांना चार शब्द सुनावलेले आणि मागून सगळे ओरडून राहिले 'ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत'. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब, कारण काय तर हिंसेला चिथावणी. अपील केलं तर लगेच रिजेक्ट, कोणी माणसाने पाहिलं असेल असं वाटतच नाही. अरे, १८८० च्या दशकापासून इंग्रजांच्या राज्यातही निघत आलेली मिरवणूक आहे ही! आणि तिकडे जातीवरून घाण लिहिणाऱ्याची कमेंट रिपोर्ट केली तर म्हणे नियमभंग नाही. हे घटनेच्या कलम १९ चं, म्हणजे बोलायच्या स्वातंत्र्याचं, उल्लंघन नाही का?

सदरचा_वकील
भाऊ, राग समजतो, पण कलम १९(१)(अ) मुख्यतः सरकारविरुद्ध चालतं, कंपनीने आपल्या नियमावर पोस्ट काढली तर थेट तेच लावणं कठीण आहे. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल केसमध्ये आयटी कायद्याचं कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा) रद्द केलं, तो पोस्टवरून गुन्हा दाखल होण्याचा प्रश्न होता. तुझ्या कामाचे आहेत २०२१ चे आयटी नियम. देशात ५० लाखांवर युजर असलेल्या ॲपने स्वतःहून पोस्ट काढली तर कारण कळवायचं आणि तुला म्हणणं मांडायची संधी द्यायची, हे नियम ४(८) मध्ये आहे. आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील कर.

कंपन्या असं का करतात तेही सांगतो. लोकांच्या पोस्टसाठी त्यांना जबाबदार धरू नये म्हणून आयटी कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण आहे, ते गेलं तर मोठा घोर लागतो, म्हणून शंका आली की काढून मोकळं व्हायचं. चुकून काढलं तर त्यांचं काय जातं? जातं ते तुझं.

महालची_ताई
वकीलसाहेब, कायदा असेल तसा, पण आज नगरसेवकाला प्रश्न विचारायचा तर लोक तिथेच विचारतात ना, मग 'कंपनीची जागा, कंपनीचे नियम' म्हणून सोडून कसं द्यायचं? नियमच नको असं मी म्हणत नाही हं. माझ्या भाचीचा फोटो मॉर्फ करून फिरवला होता तेव्हा तो पटकन निघावा म्हणून आम्ही किती धडपडलो ते आम्हालाच माहीत, अशा वेळी घाई हवीच. पण पुतळा जाळणं आणि माणूस जाळा म्हणणं यातला फरक मशीनला कळत नसेल तर मराठी, त्यातही आपली वऱ्हाडी समजणारा माणूस बसवा ना, इथल्या जाहिरातींचे पैसे तर घेताच!

इतवारीचा_पोट्टा
धन्यवाद दोघांनाही. ताई, भाचीचं ऐकून वाईट वाटलं. वकीलसाहेब, तक्रारीसोबत काय जोडू?

सदरचा_वकील
नोटीस आणि रिजेक्टचा स्क्रीनशॉट, तारखेसकट. पाटीचा मजकूर जसाच्या तसा टाईप कर, खाली इंग्रजीत मारबत म्हणजे काय ते दोन ओळीत लिही, आणि मूळ व्हिडिओ फोनमधून डिलीट करू नकोस.