पाठ नाही, म्हणून कम्युनियन नाही?

गासची आई: काल इथे एकाने लिहिलं, "प्रार्थना तोंडपाठ नसतील तर पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसादाची भाकर घेणं, पुढच्या वर्षी." वाचून रात्रभर डोळा लागला नाही. माझा मुलगा अडखळत बोलतो. चर्चच्या धर्मशिक्षण वर्गातल्या तोंडी परीक्षेत पश्चात्तापाची प्रार्थना म्हणताना दुसऱ्याच ओळीला जीभ अडकली, बाईंनी वहीत फुली मारली. शिवून आणलेला पांढरा शर्ट कपाटात राहिला. पोर बाकावर बसून सवंगड्यांची रांग बघत होतं. १९१० साली पोप दहावे पायस यांनी सात वर्षांच्या आसपासच्या मुलांना ख्रिस्तप्रसाद खुला केला, तेव्हा साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक कळावा, मुख्य तत्त्वं आपापल्या कुवतीप्रमाणे समजावीत, एवढंच मागितलं होतं. घोकंपट्टी कुठून आली?

जुना शिक्षक: ती पोस्ट माझी. ताई, एका मुलावरून पद्धत मोडू नका. माझे वडील शेवटी मलाही ओळखत नव्हते. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू केली की मात्र 'नमो मरिया' बरोबर म्हणायचे. लहानपणी पाठ केलं होतं म्हणूनच ना?

गासची आई: पाठ कुठे केलं? घरच्या रोझरीत रोज कानावर पडलं. आता संध्याकाळी घरोघरी टीव्ही, आणि श्रद्धा शिकवायची रविवारच्या तासाभरात!

आगाशीचे आजोबा: मूळ दुखणं भाषेचं आहे. नातवाचा धर्मशिक्षणाचा वर्ग इंग्रजीत, घरची प्रार्थना मराठीत, म्हणून तो गप्प. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी परदेशी असून नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. आणि आपण?

भुईगावकरीण: मुलं शाळेत सगळं इंग्रजीतच शिकतात. 'तारण', म्हणजे पापातून सुटका, म्हटलं की माझी मुलगी नुसती बघत राहते. दरवेळी भाषेचा झेंडा कशाला?

आगाशीचे आजोबा: झेंडा? आजीच्या मयताला नातू ओठ मिटून उभा होता. एक गीत म्हणता आलं नाही त्याला. असलं पुन्हा बोलू नका.

भुईगावकरीण: झेंडा शब्द मागे घेते, आजोबा. पण वर्ग मुलांना कळेल त्याच भाषेत हवा, ते मागे घेणार नाही.

जुना शिक्षक: विषय कुठल्या कुठे गेला. ताई, त्या मुलाला थांबवायला नको होतं, एवढं मान्य. चित्र दाखवून, गप्पा मारून विचारता आलं असतं. पाठांतर मात्र मी सोडणार नाही.

गासची आई: नका सोडू. हल्ली रात्री आम्ही तीच प्रार्थना चालीवर म्हणतो. गाताना तो अडखळत नाही. तुमच्या वर्गात गाऊन म्हटलेलं चालेल का?