बाहेरच्या प्लास्टरला पोरं बेल्ट लावत नाहीत, काय करावं?

पाचगावकर:
नमस्कार मंडळी. पाचगावात आमच्या घराचं काम सुरू आहे, जी प्लस टू (तळमजला आणि वर दोन मजले), आता बाहेरनं प्लास्टर लागणार. मटेरियल आमचं, मजुरी स्क्वेअर फुटावर ठरलीय. हेल्मेट आणि बेल्ट आणून दिले तर बेल्ट तसेच सिमेंटच्या पोत्यांवर पडून आहेत, मिस्त्री म्हणतात बेल्ट लावला की हात चालत नाही. परांची बघून पोटात गोळा येतोय, बांबूवर दोन फळ्या, त्या पण हलत्या, आणि धरायला काहीच नाही. कुणाचं काही बरंवाईट झालं तर त्या घरात आम्ही राहणार कसं? साइटवर खरंच कशानं फरक पडतो ते सांगा.

साइट सुपरवायझर, उचगाव:
भावा, आधी परांची, मग बेल्ट. बेल्टचा हुक अडकवायचा कुठं हे त्यांना कुणी दाखवलंय का? लई ठिकाणी त्याच बांबूला अडकवतात, म्हणजे परांची गेली की माणूस तिच्यासकट खाली. वरच्या मजल्याच्या कॉलमला जाड दोर बांधून खाली सोडा, प्रत्येकाला वेगळा, त्यावर रोप ग्रॅब, म्हणजे माणूस पडला की दोराला घट्ट धरून त्याला अडवणारी पकड, बेल्टचा हुक त्यातच. बेल्ट फुल बॉडीच पाहिजे, खांद्यांवरनं आणि मांड्यांतनं येणारा, नुसता कमरेचा पट्टा असला तर पडल्यावर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतोय. परांची पाइपची भाड्यानं घ्या, फळ्या दोन्ही टोकांना बांधा, कमरेइतक्या उंचीला आडवा पाइप आणि खाली कडेला उभी फळी, म्हणजे वीट नाहीतर थापी खालच्याच्या डोक्यात पडत नाही. आणि पाऊस पडून गेला की सकाळी सगळे जोड बघितल्याशिवाय कुणाला वर चढू द्यायचं नाही.

वायरमन, उद्यमनगर:
लाइटकडं पण बघा. साइटवर वायरची टोकं सोलून सॉकेटात काडीपेटीच्या काड्यांनी दाबलेली असतात, आणि खाली पाणीच पाणी. वायरला पिनटॉप (सॉकेटात बसणारा प्लग) लावा आणि मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, करंट गळायला लागला की ती लाइट लगेच तोडते. पुढं फरशी, ग्रॅनाइट कापताना पाणी मारतच कापायला लावा, ती धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्याला बरं करणारं औषध नाही. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही.

गवंड्याची लेक:
माझे वडील आयुष्यभर गवंडीकाम करत आले म्हणून सांगते, स्क्वेअर फुटाचा रेट आहे तिथंच सगळं अडतंय. हुक काढा, सरका, परत लावा, यात जो वेळ जातो तो त्यांच्या हजेरीतनं जातो. परांची बांधायचे पैसे वेगळे द्या, नाहीतर बाहेरचं काम रोजावर करून घ्या, मग बघा बेल्ट लागतो का नाही. मालात हात घालणाऱ्या बायकांना रबरी ग्लोव्हज द्या, सिमेंटनं बोटं फाटतात आणि रात्री भाकरी थापताना आग आग होते. आणि सगळ्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का विचारा. वय १८ ते ६०, मागच्या वर्षभरात ९० दिवस काम झालेलं पाहिजे. कामावर मृत्यू झाला तर घरच्यांना ५ लाख मिळतात, पण नोंदणी चालू असेल तरच, दरवर्षी रिन्यू करावी लागते आणि तेच राहून जातं.

पाचगावकर:
रेटचं डोक्यातच आलं नव्हतं ताई. उद्याच मिस्त्रींशी बोलतो, पाइपचं भाडं आणि बांधणावळ माझ्याकडं. तो ९० दिवसांचा दाखला कुणाकडनं घ्यायचा?

गवंड्याची लेक:
ठेकेदार देतो. तो टाळत असला तर ग्रामसेवकांकडनं मिळतो, आधार कार्ड आणि फोटो घेऊन जायला सांगा.