मदत हवी आहे : छत्रपती संभाजीनगरला वृद्ध आई आणि तान्ह्या नातीसह तीन रात्री राहण्याजोगे कौटुंबिक हॉटेल

नमस्कार मंडळी,

मी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यातल्या एका लहान गावात शेती करतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी माझी मुलगी, जावई आणि चौदा महिन्यांची नात विमानाने छत्रपती संभाजीनगरला उतरणार आहेत आणि गुरुवारी सकाळच्या विमानाने बंगळुरूला परत जाणार आहेत. जावयांना एवढीच रजा मिळाली आहे. गावी येऊन परत विमानतळ गाठण्यात त्यांचे बहुतेक दिवस प्रवासातच गेले असते, म्हणून या वेळी आम्हीच तिकडे जायचे ठरवले आहे. सोयाबीन विकून झाले आहे, कपाशीची वेचणी आणि हरभऱ्याचे पाणी धाकटा भाऊ पाहणार आहे, त्यामुळे हे दिवस काढणे जमत आहे.

सोबत माझी आई आहे. तिचे वय ७६ आहे, दोन्ही गुडघे दुखतात आणि पणतीला तिने अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही. मुलीच्या बाळंतपणात फार अडचणी आल्या होत्या, तेव्हा आईने घृष्णेश्वराला नवस बोलला होता. तो फेडण्यासाठी पणतीला तिथे आपल्या हाताने देवापुढे ठेवायचे, एवढीच तिची इच्छा आहे. आमच्या रस्त्यात सिंदखेडराजा लागते, तिथेही तिला थांबायचे आहे. जिजाऊंच्या माहेरातून निघून भोसल्यांच्या वेरूळला, म्हणजे त्यांच्या सासरी जायचे, असे ती गेले पंधरा दिवस सगळ्यांना सांगते आहे.

आम्ही एकूण सहा मोठी माणसे (त्यांत मुलगा नववीत आहे) आणि एक तान्हे मूल. गावातलीच सात आसनी गाडी चालकासह भाड्याने ठरवली आहे. दोन खोल्या लागतील आणि प्रत्येक खोलीला एका रात्रीचे अडीच ते तीन हजार रुपये देण्याची माझी तयारी आहे.

आता मूळ अडचण सांगतो. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा-नाश्त्याचे ठिकाण आणि मुक्कामाचे ते लॉज, आणि लॉज या शब्दाचीच आईला धास्ती आहे. सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या उपचारासाठी आम्हाला दुसऱ्या एका शहरात आठ दिवस राहावे लागले होते. फोनवर लिफ्ट आहे असे सांगितले होते, गेल्यावर ती बंद निघाली. आई रोज दोन वेळा तीन मजले चढत-उतरत होती. खाली परमिट रूम होती, रात्री एक वाजेपर्यंत गोंगाट चाले, आणि जास्तीच्या एका गादीसाठी काउंटरवर आईच्या देखत अशा शब्दांत बोलले गेले की ती त्यानंतर खोलीत खालीच सतरंजीवर झोपली. त्यानंतर चार महिन्यांनी वडील गेले. ते आठ दिवस आईच्या मनातून गेलेले नाहीत. आता ती म्हणते, “लॉजवर कायले राहाचं, धर्मशाळा पाय ना.” पण तान्ह्या मुलाला घेऊन, डिसेंबरच्या थंडीत, गरम पाण्याची खात्री नसलेल्या ठिकाणी राहणे मुलीला परवडणारे नाही. म्हणून मला असे हॉटेल हवे आहे जिथे माझी आई नऊवारी नेसून, हातात पिशवी घेऊन दारातून आत शिरली तर तिला आपण चुकीच्या जागी आलो असे वाटणार नाही. पैशांपेक्षा मला याची काळजी अधिक आहे.

खोली तळमजल्यावर असावी किंवा लिफ्ट खरोखर चालू असावी, कमोड असावा, बाळासाठी दूध कोमट करून किंवा मऊ खिचडी करून देणारे स्वयंपाकघर असावे आणि त्याच इमारतीत दारूविक्री नसावी. हॉटेल विमानतळाच्या जवळ, चिकलठाण्याकडे घ्यावे, की बीबी का मकबरा, पाणचक्की आणि जुने दरवाजे जवळ पडतील असे शहरात घ्यावे, हे मला ठरवता येत नाही. मंगळवारी वेरूळ आणि घृष्णेश्वर, बुधवारी शहर पाहणे, असा बेत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नमस्कार काका. मी मूळचा मेहकरचा, नोकरीनिमित्त अकरा वर्षे या शहरात राहतो.

सर्वांत आधी एक दुरुस्ती करा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात (अजिंठ्याची सोमवारी). घृष्णेश्वराचे मंदिर रोज उघडे असते, पण लेण्यांसमोर जाऊन कुलूप पाहून परतावे लागले तर मुलगा खट्टू होईल. म्हणून मंगळवारी शहर आणि बुधवारी वेरूळ, असे दिवस उलटे करा. तुमच्या आईंच्या गुडघ्यांसाठीही हे बरे आहे, कारण सोमवारच्या प्रवासानंतर मंगळवार सावकाश जाईल.

आता हॉटेलच्या जागेबद्दल. तुम्ही जालन्याकडून याल, तेव्हा करमाडनंतर शहराआधीच विमानतळ लागतो. वेरूळ मात्र शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला, छावणी आणि मिटमिट्याच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्यावर आहे. विमानतळाला अगदी खेटून हॉटेल घेतले तर बुधवारी सकाळी आणि संध्याकाळी अख्खा जालना रोड पार करावा लागेल, आणि मुकुंदवाडीपासून क्रांती चौकापर्यंत या रस्त्यावर उड्डाणपूल असूनही कार्यालये सुटण्याच्या वेळी गाडी हळूच चालते. उलट जुन्या शहरात, गुलमंडी किंवा पैठण गेटच्या आसपास घेतले तर दरवाजे आणि बाजार पायाखाली येतात, पण गल्ल्या अरुंद आहेत, सात आसनी गाडी लावायला जागा शोधावी लागते आणि वृद्ध माणसाला हॉटेलच्या दारापर्यंत चालत न्यावे लागते. तुमच्या गरजेला सिडको बसस्थानक ते सेव्हन हिल्स हा जालना रोडचा पट्टा सर्वांत योग्य आहे. तिथून विमानतळ सरळ रस्त्यावर आहे, रस्ते रुंद आहेत, मध्यम दराची कौटुंबिक हॉटेले आहेत, आणि मूल रात्री आजारी पडलेच तर दवाखाने व औषधांची दुकानेही जवळ आहेत. फक्त मुख्य रस्त्याकडे तोंड असलेली खोली घेऊ नका, मागच्या बाजूची मागा. जड वाहनांचा आवाज रात्रभर येतो.

मंगळवारी मकबरा आणि पाणचक्की एवढेच ठेवा. मकबरा औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आपली आई दिलरास बानो बेगम हिच्या स्मरणार्थ बांधला. मुलाने आईसाठी बांधलेले स्मारक आहे हे तुमच्या आईंना सांगा, त्यांना ते वेगळ्या नजरेने पाहता येईल. बागेतला मार्ग सपाट आहे, चौथऱ्यावर चढण्याचा आग्रह मात्र धरू नका. पाणचक्कीला हर्सूलच्या बाजूने जमिनीखालच्या मातीच्या नळांतून पाणी आणले होते, तिथे सावलीत हौदाकाठी बसता येते आणि बाळालाही मोकळे सोडता येते. वाटेत भडकल दरवाजा गाडीतूनच दिसेल. तो मलिक अंबरने बांधलेला आहे, आणि १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवणाराही तोच. नववीतल्या मुलाला इतिहासात गोडी असेल तर त्याला एवढे आधी सांगून ठेवा.

बुधवारी सातला निघून आधी घृष्णेश्वर करा. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा आणि बनियन काढावे लागते, हे जावयांना आधीच कळवा. नंतर लेण्यांमध्ये १६ क्रमांकाचे कैलास लेणे प्रवेशद्वारातून आत गेल्यावर समोरच आहे. डोंगर वरून खाली कोरत आणून केलेले ते मंदिर अंगणातूनही नीट पाहता येते, त्यामुळे आईंना चढावे लागणार नाही. बाकीच्या लेण्यांसाठी तुम्ही आळीपाळीने जा. परतताना दौलताबादच्या किल्ल्यावर मुलगा आणि जावई यांनीच वर जावे. अंधारी (किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट) आणि पुढच्या पायऱ्या गुडघेदुखीच्या माणसासाठी नाहीत. आई आणि बाळ खाली चाँद मिनारच्या परिसरात थांबू शकतील.

प्रतिसाद २

दादा, मी वाशीम जिल्ह्यातली आहे आणि गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन तिकडे दोन रात्री राहिले होते. तुमच्या आईंबद्दल वाचून मला माझ्या सासूबाई आठवल्या, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मोबाइलवरची छायाचित्रे पाहून खोली ठरवू नका. हॉटेलच्या काउंटरला स्वतः फोन करा आणि फोन दुपारी करा, कारण त्या वेळी त्यांना बोलायला सवड असते. लिफ्ट आहे का असे विचारू नका, लिफ्ट आज चालू आहे का आणि वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का, असे विचारा. गरम पाणी चोवीस तास मिळते की ठरावीक वेळेत, हेही विचारून घ्या, कारण आमच्या हॉटेलात ते सकाळी नऊपर्यंतच होते आणि दमून संध्याकाळी परतल्यावर सासूबाईंना पाय शेकायला मिळाले नाहीत. जास्तीच्या गादीचे किती पैसे, तेही फोनवरच ठरवा आणि मोबाइलवर लिहून मागवा, म्हणजे काउंटरवर आईंसमोर तो विषय निघणारच नाही. सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का तेही स्पष्ट करून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे, कोणी जुन्या दराने १२ टक्के सांगितला तर मान्य करू नका. सर्व मोठ्या माणसांची आधार कार्डे लागतील, आईंचे मूळ कार्ड सोबत ठेवा.

आणखी एक गोष्ट. डिसेंबरमध्ये लग्ने असतात. हॉटेलला लागून लॉन किंवा मंगल कार्यालय आहे का, हे नक्की विचारा, नाहीतर बाळ रात्रभर झोपणार नाही.

प्रतिसाद ३

भाऊ, चालकाच्या झोपण्याचे विसरू नका. मी अठरा वर्षे भाड्याची गाडी चालवली आहे. अनेक हॉटेलांत चालकासाठी वेगळी जागा असते, काही ठिकाणी नसते, आणि मग तो थंडीत गाडीतच झोपतो. गुरुवारी पहाटे त्यालाच गाडी चालवायची आहे. स्टेशन रोडवरचे एमटीडीसीचे पर्यटक निवासही एकदा विचारून पाहा, आवार मोठे आहे आणि गाडी आत लागते. विमानतळापासून ते थोडे लांब आहे, पण दौलताबाद-वेरूळकडे निघायला सोयीचे आहे.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारची चूक वेळेत कळली नसती तर मोठीच पंचाईत झाली असती, दिवस उलटे केले आहेत. काल दुपारी पाच ठिकाणी फोन केले. दोन ठिकाणी लिफ्टचा प्रश्न विचारताच उत्तर गोलमोल झाले, म्हणून ती सोडली. एका ठिकाणी शेजारी लॉन निघाले. पर्यटक निवासाबद्दलही चौकशी केली, जागा चांगली आहे, पण गुरुवारी सकाळचे विमान असल्याने आम्हाला सिडकोची बाजूच सोयीची वाटते. तिथल्या एका हॉटेलात तळमजल्यावर एक आणि पहिल्या मजल्यावर एक अशा मागच्या बाजूच्या दोन खोल्या, सव्वीसशे रुपये प्रत्येकी, जीएसटी वेगळा, गादीचे तीनशे आणि चालकाला झोपण्याची जागा, असे ठरत आहे. स्वयंपाकघरातल्या बाईंनी स्वतः फोन घेऊन बाळ काय खाते ते विचारले आणि आजींसाठी ज्वारीची भाकरी करून देईन म्हणाल्या. मी तो फोन आईच्या कानाला लावून दिला. ती पाच मिनिटे त्यांच्याशी बोलली आणि नंतर मला म्हणाली की त्यांच्यासाठी घरची तुरीची डाळ बांधून ठेव.

एकच गोष्ट विचारायची राहिली. घृष्णेश्वराला गर्दी असेल तर वृद्ध माणसाला रांगेत न थांबता आत नेण्याची काही सोय आहे का, आणि चाकाची खुर्ची आम्ही गावाकडूनच न्यावी का?

प्रतिसाद १

खुर्ची सोबत आणाच काका, गाडीत दुमडून मावते आणि लेण्यांच्या आवारातही उपयोगी पडेल. बुधवारी सकाळी गर्दी बेताची असते. दाराशी सेवकांना आईंचे वय आणि बाळ दाखवून विनंती करा. माझी त्या दिवशी सुटी आहे, मी साडेआठला मंदिराच्या पार्किंगजवळ येऊन थांबतो.